जाहीर सूचना कोणासाठी?

छापील वर्तमानपत्रांच्या ऱ्हासाचा विषय निघाला की बहुधा दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर हळहळीचा असतो. सकाळचा चहा, हातातले वर्तमानपत्र, ताज्या शाईचा वास आणि रविवारच्या पुरवणीवरून घरात होणारी ओढाताण यांच्या आठवणींनी तो भिजलेला असतो. दुसरा सूर व्यवहाराचा असतो. टांगा गेला म्हणून प्रवास थांबला नाही, तशी छपाई थांबली म्हणून बातमी थांबणार नाही, असे तो बजावतो. हे दोन्ही सूर आपापल्या जागी खोटे नाहीत. तथापि त्यांच्या गलबल्यात एक तिसरा प्रश्न बाजूला पडतो, आणि त्याचा संबंध नागरिकाच्या हक्काशी आहे. या देशातील अनेक कायद्यांनी असे धरून ठेवले आहे की नागरिक वर्तमानपत्र वाचतो. त्याच्या जमिनीविषयी, घराविषयी वा उपजीविकेविषयी काही निर्णय व्हावयाचा असेल तर तो वर्तमानपत्रात छापला की त्याला कळला, असे कायदा मानतो. हे गृहीतक ज्या वेगाने खोटे ठरत आहे त्या वेगाने कायदे बदललेले नाहीत. त्याचा भुर्दंड कोणाच्या माथी बसतो हे पाहावयाचे असेल, तर मुंबईच्या पश्चिम उपनगरातील खारदांड्यासारख्या वस्तीकडे पाहावे.

खारदांडा हा कोळीवाडा आहे. कार्टर रोडचे उत्तर टोक आणि जुहूचा किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात तो वसला आहे. खारचे रेल्वे स्थानक १९२४ साली सुरू झाले आणि पुढे त्याच्या पश्चिमेस आखीव रस्त्यांचे उपनगर उभे राहिले. कोळ्यांची वस्ती त्याही आधीची. आज या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांना लागूनच अशा इमारती उभ्या आहेत की त्यांतील एका सदनिकेच्या किमतीत कोळ्यांच्या होड्यांचा अख्खा ताफा विकत घेता यावा. समुद्राचे दर्शन घडविणाऱ्या जमिनीला मुंबईत सोन्याचा भाव आहे आणि कोळ्यांचे अंगण, होड्या ओढून ठेवण्याची जागा, जाळी विणण्याची व मासळी सुकविण्याची मोकळी जमीन नेमकी तिथेच आहे. समोरच्या समुद्रात वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे. कोळीवाड्यांच्या हद्दी आखण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत आला आहे. किनाऱ्यावर काय बांधावे आणि काय बांधू नये हे ठरविणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९१ साली निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. महानगरपालिकेचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा २०१८ साली मंजूर झाला. सारांश, या वस्तीच्या भोवती कागदांचे जाळे सतत विणले जात असते आणि त्या जाळ्यातील प्रत्येक गाठ मारण्यापूर्वी कोठेतरी एक ‘जाहीर सूचना’ प्रसिद्ध झालेली असते.

कायद्याचे गृहीतक

ही सूचना कोठे द्यावी, हे कायद्यांनी तपशीलवार सांगितले आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संपादनाची प्राथमिक अधिसूचना राजपत्राखेरीज त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, आणि त्यांपैकी निदान एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, छापणे बंधनकारक झाले. २०१३ च्या नव्या कायद्यानेही ही अट कायम ठेवली. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनासंबंधीची २००६ ची अधिसूचना घ्या. एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी घ्यावयाची असेल तर एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात तिची जाहिरात द्यावी आणि लोकांना किमान तीस दिवसांची मुदत मिळावी, असे ती म्हणते. कर्ज थकले म्हणून बँक घर ताब्यात घेते तेव्हा २००२ च्या नियमांप्रमाणे ताब्याची सूचना दोन प्रमुख वर्तमानपत्रांत आणि त्यांतील एका स्थानिक भाषेच्या पत्रात यावी लागते. न्यायालयाचे समन्स प्रतिवादीवर बजावता येत नसेल तर, तो जेथे शेवटचा राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात देऊन ते बजावल्याचे मानता येते.

याशिवाय वकिलांच्या सूचनांची रूढी आहे. ‘आमचे अशील अमुक मिळकत खरेदी करीत असून कोणाचा हक्क, हितसंबंध वा हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावे, अन्यथा तसा हक्क सोडून दिला आहे असे समजण्यात येईल’ या मसुद्याशी मुंबईकर वाचक चांगलाच परिचित आहे. कोळीवाड्यासारख्या ठिकाणी या चौदा दिवसांना फार मोल असते. तेथील मिळकती पिढ्यान्‌पिढ्या सामाईक चालत आलेल्या असतात. उताऱ्यावर पणजोबांचे नाव आणि प्रत्यक्षात वहिवाट चार चुलत घरांची, असा प्रकार दुर्मिळ नाही. लग्न होऊन वर्सोव्याला वा वसईला गेलेल्या बहिणीचा वाटा कागदावर असतो, पण तिला त्याची दखलही नसते. एखाद्या भावाने परस्पर व्यवहार केला तर इतरांना तो कळण्याचा एकच जाहीर मार्ग उरतो, आणि तो म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील तो बारीक टाइपातला चौकोन.

या व्यवस्थेच्या मुळाशी एक विचार होता आणि तो टाकाऊ नव्हता. राज्यसंस्थेला प्रत्येक माणसाच्या कानाशी लागून बोलता येत नाही. जुन्या काळी त्यासाठी दवंडी होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम मिळकतीच्या जागी ढोल वाजवून वा रूढ पद्धतीने पुकारावा, अशी तरतूद आहे. गाव लहान होते, आवाज पुरत होता. शहरे वाढली, आवाज पुरेनासा झाला आणि दवंडीची जागा वर्तमानपत्राने घेतली. वर्तमानपत्र हे नवे चव्हाटे झाले.

चव्हाट्याची घडण

हा चव्हाटा मराठीत घडला तो मुख्यतः मुंबईत. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. राज्यकर्त्यांची भाषा आणि रयतेची भाषा एकाच पानावर शेजारी शेजारी छापण्यात जो अर्थ होता, तोच पुढे ‘एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात’ या कायदेशीर शब्दांत उतरला असे म्हणता येईल. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले ‘दीनबंधु’ १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या हालांना छापील वाचा फुटली. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याच्या नावातच त्याचे कार्य सामावलेले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ च्या नोव्हेंबरात, आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ काढला. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशांपर्यंतही ही पत्रे पोहोचत, कारण ती एकाने वाचावयाची आणि दहांनी ऐकावयाची असत. कामगार वस्तीतील वाचनालय, केशकर्तनालय, चहाचे दुकान, कोपऱ्यावरचे मंडळ येथे एका प्रतीचे आयुष्य दिवसभर चाले. खपाच्या आकड्यात ती एकच प्रत असे. व्यवहारात ती अर्ध्या गल्लीची असे.

मासेमारी करणाऱ्या वस्तीत तर या वाचनाला आणखी एक लय असते. होड्या भरतीओहोटीच्या वेळा पाहून निघतात आणि परततात. घरातील बाई मासळी घेऊन पहाटेच बाजार गाठते. सकाळी सातला दारात पडलेला पेपर सातलाच वाचला जाईल असे नाही. तो दुपारी, जाळी दुरुस्त करताना, कोणाच्या तरी हाती येतो. तो उशिरा वाचला तरी बिघडत नाही, कारण तो तेथे असतो. वस्तू म्हणून असणे हा छापील पत्राचा गुण फारसा कोणी मोजत नाही. वाचला न गेलेला पेपरही घरात दिसत राहतो. रद्दीच्या गठ्ठ्यातूनही तो महिनाभराने हाती लागू शकतो.

ओहोटी

या चव्हाट्याला ओहोटी लागली ती एका दिवसात नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा वर्तमानपत्रांना त्याची भीती वाटली नाही, आणि दशकभर तशी भीती वाटण्याचे कारणही नव्हते. उलट २००५ साली मुंबईत ‘डीएनए’ आणि ‘मुंबई मिरर’ अशी दोन नवी इंग्रजी दैनिके निघाली. पाश्चात्त्य देशांत पत्रे बंद पडत असताना भारतात साक्षरता वाढत होती आणि साक्षरतेबरोबर मराठी, हिंदी, तमिळ, मल्याळम पत्रांचा खपही वाढत होता. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि चित्र पालटले. २०१९ मध्ये बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८५ साली सुरू केलेले ‘आफ्टरनून’ बंद पडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘डीएनए’ची मुंबईतील छपाई थांबली. डिसेंबर २०२० मध्ये ‘मुंबई मिरर’ने दैनिक स्वरूप सोडले. घरी परतणाऱ्या चाकरमान्यांच्या हाती लोकलमध्ये दिसणारी सायंदैनिके तर त्याआधीच विरळ झाली होती.

यात अर्थकारणाचा भाग मोठा आहे. वर्तमानपत्र हा असा माल आहे की तो तयार करण्याच्या खर्चापेक्षा कमी किमतीत विकला जातो. मधली तूट जाहिरात भरून काढते. जाहिरात इंटरनेटकडे वळली की ही तूट उघडी पडते. त्यात जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पाने वृत्तपत्राच्या आयात कागदावर दहा टक्के सीमाशुल्क बसविले. पुढच्या फेब्रुवारीत ते पाच टक्क्यांवर आणले गेले, पण तोवर पाने कमी करण्याची सवय लागली होती. मग महासाथ आली. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईतील वितरण ठप्प झाले. १८ एप्रिलच्या आदेशाने राज्य सरकारने वर्तमानपत्रे घरोघर टाकण्यास मनाई केली. टीका झाल्यावर उर्वरित राज्यासाठी ती सैल केली, परंतु मुंबई आणि पुणे महानगर प्रदेशांत ती चालू राहिली. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर पेपर पुन्हा दारात पडू लागला. मधल्या दोन-अडीच महिन्यांत अनेक घरांची सवय मात्र मोडली, ती पुन्हा जडली नाही.

जे गेले त्याबरोबर काय आले, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मच्छीमाराला इंटरनेटने दिलेले दान लहान नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळाने कोकण किनाऱ्यावर कित्येक खलाशांचा बळी घेतला, तेव्हा इशारा आणि होडी यांच्यातील अंतर किती जीवघेणे असते हे दिसून आले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले त्या वेळी वादळाची वाटचाल तासातासाला हातातल्या मोबाईलवर दिसत होती. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती मच्छीमारांपर्यंत मोबाईलद्वारे पोहोचविते. वादळाची बातमी उद्याच्या पेपरात येऊन काय उपयोग? ज्या बातमीची किंमत तासांत मोजली जाते तेथे छपाई हरली, आणि ती हरली हे योग्यच झाले. खारदांड्यातील तरुण नाखवा पेपर घेत नसेल तर त्याला अडाणी वा उदासीन ठरविण्याचे कारण नाही. त्याला जे हवे ते त्याच्या खिशात आहे.

बातमी आणि सूचना

प्रश्न उरतो तो त्याला हवे असलेल्या माहितीचा नसून, ज्या माहितीची आपल्याला गरज आहे हेच त्याला ठाऊक नाही अशा माहितीचा. बातमी आणि सूचना यांतील फरक येथे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. बातमीला वाचक शोधीत येतो. सूचनेला वाचक शोधीत येत नाही. सूचनेनेच वाचकाला गाठावे लागते. छापील पानाची रचना अशी होती की क्रिकेटचा धावफलक पाहण्यासाठी उघडलेल्या पानावर शेजारी एक चौकोन दिसे, त्यात ओळखीचा सर्व्हे क्रमांक वा गावाचे नाव नजरेला अडखळवी, आणि संध्याकाळी गल्लीत चर्चा सुरू होई. हे अडखळणे हीच त्या व्यवस्थेची खरी शक्ती होती. मोबाईलच्या पडद्याची रचना याच्या नेमकी उलट आहे. तेथे माणसाला आधी जे आवडले तेच पुन्हा समोर येते. संकेतस्थळावर जाहीर सूचना टाकली तरी ती त्यालाच सापडते ज्याला ती तेथे आहे हे आधीपासून माहीत असते. बंद कपाटात ठेवलेला फलकही तत्त्वतः फलकच असतो.

याचा अर्थ छापील सूचनेचा काळ सुवर्णकाळ होता, असा मुळीच नाही. सूचनांची भाषा अशी की वकिलालाही दोनदा वाचावी लागावी. टाइप असा की वृद्धाने भिंग घ्यावे. ज्याला सूचना द्यावयाची आहे पण कळू द्यावयाची नाही, तो खप नसलेले पत्र निवडतो ही गोष्टही जुनीच आहे. सरकारी जाहिरातींसाठी खपावरून वर्ग ठरतात, आणि म्हणून कागदोपत्री खप फुगवून केवळ जाहिरातींवर जगणारी पत्रे निघतात, हे उघड गुपित आहे. परंतु त्या काळी या लबाडीला एक मर्यादा होती. गल्लीत चार वेगवेगळी पत्रे येत. कोणा एकाच्या नजरेस काही तरी पडे. आता चारांची दोन आणि दोनांचे एक झाले. लबाडी न करताही सूचना अदृश्य राहू शकते, ही आजची परिस्थिती आहे.

तिचे बोलके उदाहरण २०२० सालीच घडले, आणि त्याचा संबंध पुन्हा किनाऱ्याशी व प्रकल्पांशी होता. पर्यावरणीय मूल्यमापनाचे नियम बदलणारा नवा मसुदा केंद्र सरकारने ११ एप्रिल २०२० रोजी राजपत्रात प्रसिद्ध केला आणि त्यावर हरकती मागविल्या. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत होता. ज्या आठवड्यांत मुंबईत घरोघर वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, माणसाला उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती, त्याच आठवड्यांत देशाला ‘जाहीर’ विचारणा होत होती. अखेर ३० जून रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुद्याचे राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व बावीस भाषांत भाषांतर करण्यास सांगितले. न्यायालयाने मांडलेले तत्त्व साधे होते. ज्याला विचारावयाचे त्याला समजेल अशा भाषेत विचारले पाहिजे. त्याच तत्त्वाचा दुसरा अर्धा भाग असा की ज्याला विचारावयाचे त्याच्यापर्यंत ते पोहोचलेही पाहिजे.

पोहोचण्याचा हक्क

हा दुसरा भाग भारतीय न्यायशास्त्राला अपरिचित नाही, आणि तो सिद्ध करण्यात एका मराठी पत्राचा वाटा आहे. वर्तमानपत्रांची पाने आणि किंमत यांचे प्रमाण सरकारने ठरवावे यासाठी १९५६ साली कायदा झाला व १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यात लिहिण्याइतकाच, लिहिलेले जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचविण्याचाही समावेश होतो, असे मानले. पत्राला पोहोचण्याचा हक्क आहे, तर नागरिकाला त्याच्याविषयीचा निर्णय पोहोचण्याचा हक्क नसावा काय? बोलण्याचे स्वातंत्र्य आणि हरकत घेण्याची संधी या दोहोंचा पाया एकच आहे. न कळलेल्या गोष्टीवर हरकत घेता येत नाही.

हरकत घेता आली म्हणजे काय घडू शकते, याचेही उदाहरण मुंबईच्याच किनाऱ्यावर आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांतील साठ मीटरचे अंतर होड्यांना धोक्याचे आहे, असा आग्रह वरळीच्या मच्छीमारांनी दीर्घकाळ धरला. तज्ज्ञांनी आखलेल्या नकाशात त्यांनी दोष दाखविला होता. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर एकशेवीस मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. ही चर्चा बांधकाम सुरू होण्यापूर्वी, योग्य वेळी, योग्य कागदावर झाली असती तर सर्वांचाच वेळ व पैसा वाचला असता. सूचना पोहोचणे हे प्रकल्पाच्या मार्गातील विघ्न नव्हे. बहुधा ते प्रकल्पाच्या हिताचेच असते.

मग उपाय कोणता? सूचना छापण्याची सक्ती उठवून सर्व काही संकेतस्थळावर न्यावे, असे सुचविणारे आहेत. युरोपात तसे घडले आहे. व्हिएन्नातील ‘वीनर त्साइटुंग’ हे १७०३ साली सुरू झालेले पत्र. जगातील सर्वांत जुन्या दैनिकांत त्याची गणना होई. कंपन्यांनी द्यावयाच्या अधिकृत घोषणा हे त्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. ऑस्ट्रियाच्या संसदेने ती सक्ती रद्द केली आणि ३० जून २०२३ रोजी त्याचा शेवटचा दैनिक छापील अंक निघाला. अमेरिकेत २००५ नंतर एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली आणि कित्येक जिल्ह्यांत नगरपालिकेच्या सभेला बसणारा एकही बातमीदार उरला नाही. येथील लहान मराठी पत्रांनाही सूचनांच्या उत्पन्नाचा आधार आहे. तो एका फटक्यात काढून घेतला तर नागरिक सूचनेलाही मुकेल आणि सूचनेमागची भानगड शोधणाऱ्या बातमीदारालाही. उलट, काहीच न बदलता सूचना केवळ छापत राहिल्या तर ती एक प्रकारची सरकारी देणगी होईल आणि नागरिकाच्या पदरात काहीच पडणार नाही.

मार्ग या दोहोंच्या मधला आहे, आणि तो शोधण्यास फार दूर जावयास नको. जनसुनावणीसंबंधीच्या त्याच २००६ च्या अधिसूचनेत एक वाक्य आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या ठिकाणी वर्तमानपत्रे पोहोचत नाहीत तेथे ढोल वाजवून, तसेच आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून लोकांना सुनावणीची माहिती द्यावी, असे ते सांगते. हे लिहिताना मसुदाकारांच्या डोळ्यांपुढे दुर्गम खेडी, आदिवासी पाडे असणार. देशाच्या आर्थिक राजधानीतील, पंचतारांकित वस्तीला चिकटून असलेला कोळीवाडा त्यांच्या कल्पनेतही नसेल. पण वर्तमानपत्र न पोहोचणे हे आता डोंगराआड असण्यावर अवलंबून राहिलेले नाही. ते वाचनाच्या बदललेल्या सवयीवर अवलंबून आहे. तेव्हा ‘वर्तमानपत्र पोहोचत नाही’ या शब्दांचा अर्थ आज नव्याने लावला पाहिजे, आणि तो लावला तर खारदांडाही त्या व्याख्येत बसेल.

आणि ढोलाचे आधुनिक रूपही हाताशी आहे. २०२३ साली केंद्र सरकारने आपत्कालीन इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एका ठरावीक भागातील सारे मोबाईल एकाच क्षणी वाजू लागले होते. वादळासाठी जे शक्य आहे ते जमिनीसाठी अशक्य असण्याचे कारण नाही. तेवढा गजर नको, पण साधा संदेश पुरे. ज्या प्रभागातील वा ज्या गावठाणातील मिळकतीसंबंधी सूचना असेल तेथील रहिवाशांच्या मोबाईलवर, सोप्या मराठीत, दोन ओळींचा संदेश आणि ऐकता येईल असा ध्वनिमुद्रित मजकूर पाठविता येईल, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो कळेल. सर्व खात्यांच्या सूचना एकत्र असलेले आणि गावाच्या वा सर्व्हे क्रमांकाच्या नावाने शोधता येईल असे एकच मराठी संकेतस्थळ उभारता येईल. कोळीवाड्यातील मच्छीमार सहकारी संस्थेचे कार्यालय, देऊळ, बंदर येथे मोठ्या अक्षरांतील फलक लावणे आणि लावल्याचा पंचनामा ठेवणे अवघड नाही. त्याबरोबर छापील सूचनाही राहावी, मात्र ती त्या भागात खरोखर वाचल्या जाणाऱ्या पत्रात आणि नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल अशा टाइपात. याचा खर्च ज्याचा प्रकल्प त्याने सोसावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हरकतीची मुदत छपाईच्या तारखेपासून न मोजता सूचना या सर्व मार्गांनी दिल्याचे सिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजली जावी. सूचना पोहोचविण्याची जबाबदारी ज्याच्यावर, पोहोचल्याचा पुरावाही त्यानेच द्यावा.

यावर प्रशासनाचा आक्षेप ठरलेला आहे. प्रत्येकाला कळेपर्यंत थांबावयाचे तर काहीच होणार नाही, ‘मला कळलेच नाही’ म्हणणारा कोणीतरी नेहमीच निघेल. आक्षेपात तथ्य आहे. कायद्याला कोठेतरी थांबावेच लागते आणि अमुक इतके केले म्हणजे कळविले, असे मानावेच लागते. पण ‘अमुक इतके’ म्हणजे किती, हे काळ ठरवितो. दवंडी पुरेनाशी झाली तेव्हा कायद्याने वर्तमानपत्र स्वीकारले. आता वर्तमानपत्र पुरेनासे झाले आहे, तर पुढचे पाऊल टाकणे हे त्याच परंपरेला धरून होईल. १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा करण्याइतकी तत्परता सरकारने दाखविली आहे. त्या कायद्याने नियतकालिक नोंदवावे कसे हे सांगितले. नागरिकाला कळवावे कसे, हा प्रश्न अजून शेकडो जुन्या कलमांत विखुरलेला पडून आहे.

छापील वर्तमानपत्र टिकेल की जाईल, हे बाजार ठरवील आणि वाचक ठरवील. ‘मुंबई समाचार’सारखे १८२२ साली निघालेले पत्र द्विशताब्दी पार करून आजही निघते, त्याअर्थी भविष्य वर्तविण्याची घाई कोणी करू नये. मात्र वर्तमानपत्राच्या नशिबाशी नागरिकाच्या हक्काची गाठ बांधून ठेवण्याचे काहीच कारण नाही. ज्या कोळ्याच्या अंगणातून रस्ता जावयाचा आहे, ज्या बहिणीचा वाटा विकला जावयाचा आहे, ज्याच्या होडीच्या वाटेत खांब उभा राहावयाचा आहे, त्याला आणि तिला ते आधी कळले पाहिजे. ते कळविण्याचे काम एके काळी पेपर टाकणाऱ्या मुलाने, नकळत का होईना, कायद्यासाठी केले. आता तो मुलगा त्या गल्लीत येत नसेल, तर कायद्याने स्वतः तेथवर चालत गेले पाहिजे.